पाकिटावर पत्ता एका दाराचा, बाहेर पडलं दुसऱ्याच दारातून

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचं संगणकाचं काम मी बघतो. सौदा झाला की काटापट्टी, शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं बिल, सगळं दिवाणजींच्या टेबलाखाली ठेवलेल्या एका लहान लिनक्स संगणकातून जातं. हळदीच्या धुळीने तो आता आतून-बाहेरून पिवळा झालाय. त्याला नेटवर्कची दोन कार्डं आहेत, कारण दुकानात इंटरनेटच्या लाइनी दोन: एक फायबर, आणि ती गेली तर असावा म्हणून सिम घातलेला फोरजी राउटर.

दोन लाइनी कशाला, हे सांगलीकराला समजवावं लागत नाही. पावसाळ्यात इथं माणसं भेटली की आधी "आयर्विनला किती?" असं विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५७च्याही वर गेलेला सगळ्यांनी पाहिलाय. त्यामुळे दुसरी लाइन घ्या असं शेठना मला सांगावंच लागलं नाही, त्यांनीच ती घेऊन टाकली.

पण नुसती घेऊन भागत नाही. ऐनवेळी ती चालेल का, हे रोज बघायला हवं. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. दर काही मिनिटांनी तो दोन्ही लाइनींवरून आमच्या सर्व्हरला एकेक हाक मारतो. ओ आली की पडद्यावर हिरवा ठिपका, नाही आली की लाल.

फायबरचा ठिपका हिरवा. फोरजीचा लाल. पहिल्या दिवसापासून लाल.

तीन आठवडे आम्ही फोरजीवाल्यांना शिव्या घातल्या. दोनदा सिम बदललं. शेठनी ग्राहक सेवेला फोन लावून त्या पोरीला इतकं सुनावलं की शेवटी दिवाणजींनी फोन हातातून काढून घेतला. मग एका संध्याकाळी मी ते सिम सहज माझ्या मोबाइलमध्ये घातलं, तर नेट सुसाट. राउटरला लॅपटॉप जोडला, तरी सुसाट. म्हणजे लाइन ठणठणीत होती. खोटं बोलत होता तो माझा प्रोग्राम.

त्यात होतं तरी काय? प्रोग्रामला नेटवर्कशी बोलायचं तर तो एक खिडकी उघडतो, तिला सॉकेट म्हणतात. त्या सॉकेटला मी सांगितलं होतं, "तुझा पत्ता १९२.१६८.८.१० समज." हा फोरजीच्या बाजूच्या कार्डाचा पत्ता. असं सांगण्याच्या क्रियेला बाइंड म्हणतात. मग म्हटलं, आता सर्व्हरशी जोड. ही क्रिया कनेक्ट. माझा समज असा की पत्ता फोरजीच्या कार्डाचा दिला म्हणजे पॅकेट फोरजीच्या कार्डातून बाहेर पडेल. हाच समज माझ्यासारख्या बऱ्याच जणांचा असतो, आणि लिनक्सवर तो चुकीचा आहे.

पॅकेट म्हणजे शेवटी पाकीटच. त्यावर दोन पत्ते असतात: कुणाला जायचंय तो, आणि कुणी पाठवलं तो. आता टपाल कचेरीत पाकिटांची छाननी करणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो काय बघतो? ज्याला जायचंय त्याचा पिनकोड. डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेल्या 'प्रेषक'कडे तो ढुंकून बघत नाही, आणि त्याला गरजही नाही. ते नाव पाकीट परत यायची वेळ आली तरच कामाचं.

पिनकोड ही आपल्याच माणसाची करामत. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. तिची खुबी अशी की आकडे डावीकडून उजवीकडे बारीक होत जातात. सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०. लांबून निघालेल्या पाकिटाला सुरुवातीला नुसतं ४१६ पुरतं, शेवटचे आकडे जवळ आल्यावर लागतात. इंटरनेटचे पत्ते असेच वाचले जातात. संगणकात एक यादी असते, तिला राउटिंग टेबल म्हणतात. 'या या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता असेल तर या दाराने, या राउटरकडे.' एकापेक्षा जास्त ओळी जुळल्या तर जिचे जास्त आकडे जुळतात ती जिंकते. काहीच जुळलं नाही तर शेवटची 'बाकी सगळं' असं लिहिलेली ओळ, म्हणजे डीफॉल्ट राउट.

आमच्या संगणकात 'बाकी सगळं'च्या ओळी दोन होत्या. एक फायबरच्या राउटरकडे, १९२.१६८.१.१. दुसरी फोरजीच्या राउटरकडे, १९२.१६८.८.१. दोघींना एकेक आकडा दिलेला असतो, मेट्रिक. तो जितका लहान, तितकी पसंती वर. फायबरचा १००, फोरजीचा १०१. सर्व्हरचा पत्ता आम्ही इथं २०३.०.११३.५ धरू (हा गट २०१० साली खास उदाहरणांसाठीच राखून ठेवलाय, तिथं कुणी राहत नाही). तर या पत्त्यासाठी यादी चाळली की उत्तर नेहमी एकच: फायबर. प्रेषकाच्या जागी मी काहीही लिहिलं तरी फायबरच.

हे डोळ्यांनी बघायचं तर टीसीपीडम्प नावाचं साधन आहे. कार्डातून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट ते एका ओळीत दाखवतं. सौदे संपून यार्ड शांत झालं तेव्हा मी दिवाणजींच्या खुर्चीत बसून ते आधी दुसऱ्या, म्हणजे फोरजीच्या कार्डावर लावलं. पडदा कोरा. एक ओळ नाही. प्रोग्राम तर फोरजीला हाक मारतोय म्हणतोय! मग पहिल्या कार्डावर लावलं, आणि तिथं तो सापडला. पाठवणारा १९२.१६८.८.१०, घेणारा २०३.०.११३.५, आणि निघालाय फायबरच्या दारातून. एक सेकंदाने तीच ओळ पुन्हा. मग दोन सेकंदांनी, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. दर वेळी दुप्पट थांबून जोडणीची तीच विनवणी. त्या संगणकावरच्या जुन्या लिनक्समध्ये अशा सहा विनवण्या पुन्हा केल्या जातात आणि सगळे मिळून १२७ सेकंद गेले की तो हात टेकतो. दोन मिनिटं सात सेकंद मी ते बघत बसलो होतो. तीन आठवडे हे असंच चालू होतं, दिवसरात्र.

उत्तर का येत नव्हतं, हे आता उघड आहे. फायबरच्या राउटरला १९२.१६८.१ने सुरू होणारी माणसं घरची म्हणून ठाऊक. त्याच्याकडे अचानक १९२.१६८.८.१० असा परका आला. काही राउटर असं पॅकेट तिथंच टाकून देतात. काही तसंच पुढे ढकलतात, पण १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी, घराघरांत वापरायचे, त्यामुळे कंपनीच्या जाळ्यात ते मरतं. काही त्यावर स्वतःचा बाहेरचा पत्ता चिकटवून पाठवतातही, उत्तर राउटरपर्यंत परत येतं, आणि मग राउटर विचारात पडतो: हा ८.१० कोण, राहतो कुठे? त्याच्या यादीत तो नाही, म्हणून तो उत्तर पुन्हा बाहेर भिरकावतो. तिन्हींत शेवट एकच, लाल ठिपका.

मग माझ्या लॅपटॉपवर हाच प्रोग्राम कसा चालला होता? विश्रामबागेत घरी बसून लिहिला, वायफाय आणि मोबाइलचं नेट दोन्ही जोडून तपासला, दोन्ही ठिपके हिरवे. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य म्हणणाऱ्यांची मी आजवर टिंगल करत आलोय, म्हणून जरा खोलात गेलो.

उत्तर जुनं निघालं. इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. त्यांतला ११२२ क्रमांकाचा ऑक्टोबर १९८९चा. संगणकाला एकाहून जास्त दारं असतील तर त्याने कसं वागावं, याबद्दल त्यात दोन मतं मांडली आहेत. एक मत म्हणतं, पत्ता हा दाराचा असतो. ज्या दाराचा पत्ता पाकिटावर आहे, त्याच दारातून ते जावं आणि त्याच दारातून आलेलं घ्यावं. याला स्ट्राँग मॉडेल म्हणतात. दुसरं मत म्हणतं, पत्ता अख्ख्या वाड्याचा असतो. पुढच्या दाराने जा नाहीतर मागच्या परसातून, माणूस वाड्यातलाच. हे वीक मॉडेल. आरएफसीने दोन्ही मतं सांगितली आणि सक्ती कुठल्याच मताची केली नाही. दोन भावांच्या भांडणात थोरल्याने गप्प राहावं, तसं.

लिनक्सने वाड्याचं मत धरलं. विंडोजने आयपीच्या, म्हणजे इंटरनेटच्या पत्ते-पाकिटांच्या नियमांच्या, चौथ्या आवृत्तीसाठी आधी तेच धरलं होतं, पण व्हिस्टापासून पुढे ते दाराच्या मतावर आलं. माझा लॅपटॉप विंडोजचा. तिथं बाइंडमध्ये पत्ता दिला की वाट शोधताना फक्त त्या पत्त्याच्या कार्डावरच्याच ओळी बघितल्या जातात. म्हणून तिथं माझा समज बरोबर होता, आणि दुकानात चूक.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सॉकेटला बाइंड न करता सरळ कनेक्ट म्हटलं, तर लिनक्स आधी वाट शोधतो आणि मग त्या वाटेला साजेसा प्रेषकाचा पत्ता स्वतः लिहितो. म्हणजे आधी दार, मग पत्ता. त्यात चूक व्हायला जागाच नाही, आणि जगातले बहुतेक प्रोग्राम असेच चालतात. आपण बाइंड करतो तेव्हा हा क्रम उलटा होतो. आधी पत्ता, मग दार. पत्ता आपण दिलेला, दार त्याने ठरवलेलं, आणि दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये कुणीच नसतं. ही गाठ आपण घालायची. ती प्रोग्रामात नसते, संगणकाच्या मांडणीत असते. मी तीन आठवडे प्रोग्राम उलथापालथा करत बसलो ते चुकीच्या खोलीत किल्ली शोधत होतो.

ही गाठ घालायची सोय लिनक्समध्ये आहे, आणि चांगली जुनी आहे, १९९९च्या २.२ आवृत्तीपासूनची. तिला पॉलिसी राउटिंग म्हणतात. कल्पना साधी आहे. वाटांची यादी एकच कशाला? चार ठेवा. आणि दारात एक माणूस बसवा, जो पाकीट बघून सांगेल की याच्यासाठी कुठली यादी चाळायची. या माणसाला मात्र प्रेषकाचा पत्ता वाचायची मुभा द्या.

आमच्या संगणकावर ते असं केलं. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं, इथं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय:

आयपी राउट ॲड १९२.१६८.८.०/२४ डेव्ह ईटीएच१ टेबल २००
आयपी राउट ॲड डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.८.१ डेव्ह ईटीएच१ टेबल २००
आयपी रूल ॲड फ्रॉम १९२.१६८.८.१० लुकअप २००

ईटीएच१ हे दुसऱ्या, म्हणजे फोरजीच्या कार्डाचं नाव. पहिल्या दोन ओळींनी २०० क्रमांकाची एक नवी यादी तयार होते. तिच्यात दोनच वाटा: फोरजी राउटरच्या आजूबाजूचे शेजारी थेट दुसऱ्या कार्डावर, बाकी सगळं फोरजी राउटरकडे. २०० या आकड्यात विशेष काही नाही, २५३, २५४ आणि २५५ हे आधीच घेतलेले आहेत, ते टाळले म्हणजे झालं. तिसरी ओळ म्हणजे दारातला माणूस: प्रेषक १९२.१६८.८.१० असेल तर यादी २०० बघ.

आयपी रूल एवढंच टाइप केलं की सगळे नियम क्रमाने दिसतात. सर्वांत वर ० क्रमांक: आपल्याच घरचे पत्ते. मग ३२७६५, आपला नवा नियम. मग ३२७६६, नेहमीची मुख्य यादी. शेवटी ३२७६७, जी बहुधा रिकामीच असते. वरून खाली वाचायचं, जिथं वाट सापडली तिथं थांबायचं. आपला नियम मुख्य यादीच्या आधी आला, यातच सगळं आलं.

आणि झालं ते बरोबर झालं का, हे प्रोग्राम न चालवता विचारता येतं:

आयपी राउट गेट २०३.०.११३.५ फ्रॉम १९२.१६८.८.१०

म्हणजे 'हा पाठवणारा, हा घेणारा, तर तू कुठून नेशील?' नियम घालण्याआधी उत्तर यायचं व्हाया १९२.१६८.१.१. घातल्यावर व्हाया १९२.१६८.८.१. ही एक ओळ मला पहिल्याच दिवशी आठवली असती तर दोन सिम वाचली असती. 'फ्रॉम'शिवाय विचारलं तर मात्र अजूनही फायबरच येतं, आणि ते योग्यच आहे. प्रेषक अजून ठरलेलाच नसेल तर आपला नियम लागू व्हायचा प्रश्न येत नाही. दुकानातलं बाकी सगळं काम पहिल्यासारखं फायबरवरून चालू राहतं.

पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून ओ येते का बघणारं साधन, वापरून तपासणाऱ्यांसाठी एक इशारा. त्यात मोठ्या आय अक्षराचा एक पर्याय आहे, त्याच्यापुढे पत्ताही देता येतो आणि कार्डाचं नावही. दिसायला एकच, पण पत्ता दिला तर फक्त प्रेषक बदलतो, नाव दिलं तर सॉकेट त्या कार्डालाच बांधला जातो. मी नाव देऊन पिंग केलं होतं, चाललं, आणि 'बघा, वाट नीट आहे, प्रोग्रामच्या बाइंडमध्येच काहीतरी आहे' म्हणून पुन्हा चुकीच्या खोलीत गेलो होतो.

कार्डालाच बांधायचा हा दुसरा रस्ता कुणी विचारेल म्हणून सांगतो. एसओ बाइंड टू डिव्हाइस नावाचा पर्याय सॉकेटला लावला की पॅकेट त्याच कार्डातून जाणार, यात शंका नाही. पूर्वी त्याला वरचे अधिकार लागायचे, २०२०च्या ५.७ आवृत्तीपासून साध्या प्रोग्रामलाही तो लावता येतो. मग नियमबियम कशाला, हाच लावावा? लावावा, पण दोन खड्डे बघून. पहिला असा की त्या कार्डासाठी यादीत 'बाकी सगळं'ची ओळच नसेल, तर लिनक्स समजतो की घेणारा याच तारेवर शेजारी बसलाय. मग तो राउटरकडे पाकीट द्यायचं सोडून "२०३.०.११३.५ कोण आहे इथं?" असं तारेवर ओरडत बसतो. राजवाडा चौकात उभं राहून पुण्याच्या माणसाच्या नावाने हाका मारल्यासारखं.

दुसरा खड्डा जास्त फसवा. लिनक्समध्ये आरपी फिल्टर नावाचा पहारेकरी असतो. बाहेरून पॅकेट आलं की तो विचारतो: याच्या प्रेषकाला मला उत्तर द्यायचं असतं तर मी ते याच दारातून पाठवलं असतं का? नसेल तर हा तोतया समजून टाकून द्यायचं. खोटा प्रेषक लिहून केलेले हल्ले अडवायला ही कल्पना आली, आणि ती चांगलीच आहे. पण सॉकेट कार्डाला बांधलाय आणि नियम घातलेला नाही, तर पहारेकऱ्याच्या लेखी सर्व्हरची वाट अजून फायबरचीच. फोरजीच्या दारातून सर्व्हरचं उत्तर आलं की तो ते फेकतो. टीसीपीडम्पमध्ये उत्तर आलेलं स्वच्छ दिसतं, प्रोग्रामला मात्र मिळत नाही, आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते. हा पहारा कडक म्हणजे १ वर असेल तर हे होतं, सैल म्हणजे २ वर ठेवला तर होत नाही. प्रेषकावरचा नियम घातलेला असेल तर कडक पहाराही चालतो, कारण उलटी वाट शोधताना पहारेकरी तोच नियम वाचतो. म्हणूनच माझं मत नियमाच्या बाजूने आहे. दोन्ही एकत्र लावले तर सर्वांत बरं.

आता जरा उलट बाजू. समजा तुमच्या संगणकावर सर्व्हर आहे आणि लोक दोन्ही लाइनींवरून आत येतात. टीसीपीचं, म्हणजे आधी जोडणी करून मग बोलण्याच्या पद्धतीचं, काम सोपं: ज्या पत्त्यावर हाक आली, त्याच पत्त्यावरून उत्तर जातं, आणि नियम त्याला योग्य दाराने नेतो. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत तशी जोडणीच नसते, सुटी पाकिटं टाकायची. प्रोग्रामने 'सगळ्या पत्त्यांवर ऐकतो' म्हणून एकच सॉकेट उघडला असेल तर प्रत्येक उत्तर हे नवं पाकीट, त्याचा प्रेषक नव्याने ठरतो, आणि तो फायबरचा निघतो. विचारणाऱ्याने फोरजीला विचारलं, उत्तर फायबरच्या पत्त्यावरून आलं. तो म्हणतो, तुला कोणी विचारलं? यावर सरळ उपाय म्हणजे प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा सॉकेट बाइंड करायचा. आयपी पॅकेट इन्फो नावाचा पर्यायही आहे, त्यात पाकीट कुठल्या पत्त्यावर आलं ते प्रोग्रामला कळतं आणि उत्तर देताना तोच पत्ता देता येतो. जमत असेल तर वेगळे सॉकेट. कमी डोकं लागतं.

बाइंड करताना पत्त्यासोबत पोर्टही, म्हणजे त्या पत्त्यावरच्या खिडकीचा क्रमांक, द्यावा लागतो. तो शून्य द्यायचा, म्हणजे 'कुठलाही मोकळा दे'. आमच्यासारख्या दर काही मिनिटांनी दोन हाका मारणाऱ्याला एवढं पुरतं. पण एकाच पत्त्यावरून हजारो जोडण्या करणाऱ्यांना यात अडचण येते. लिनक्स नेहमी ३२७६८ ते ६०९९९ मधले पोर्ट वाटतो, म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार. बाइंडच्या वेळी घेणारा कोण हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो पोर्ट अडवून ठेवतो. वेगवेगळ्या सर्व्हरांसाठी तोच पोर्ट पुन्हा वापरता आला असता, पण ते कळायच्या आत अडकलेला असतो. 'पत्ता आत्ता घे, पोर्ट कनेक्टच्या वेळी बघू' असं सांगणारा एक पर्याय ४.२ आवृत्तीपासून आहे.

नाव शोधणंही विसरू नका. सर्व्हरचा आकडी पत्ता न देता नाव दिलं तर आधी डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारलं जातं, आणि ते विचारणारा सॉकेट तुमचा नसतो, सिस्टिमचा असतो. तो बाइंड झालेला नाही, म्हणजे गेला फायबरवरून. फायबर तुटली की फोरजी ठणठणीत असूनही नावच सापडत नाही. मी तपासणीपुरता आकडी पत्ता थेट लिहून मोकळा झालो. आदर्श उपाय नाही, पण चालतो.

खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची आहे. नियम घातला, ठिपका हिरवा झाला, शेठनी चहा सांगितला. घरी आल्यावर डोक्यात आलं की २०० क्रमांकाची यादी रिकामी झाली तर? कुणी फोरजीचं कार्ड बंद केलं की त्याच्यावरच्या वाटा पुसल्या जातात, नियम मात्र तसाच राहतो. दारातला माणूस म्हणतो यादी २०० बघ. यादीत काही नाही. मग लिनक्स पुढच्या नियमाकडे, म्हणजे मुख्य यादीकडे जातो. आणि पाकीट पुन्हा फायबरच्या दारात. आमचा फायबर राउटर परक्याला थारा देत नाही म्हणून ठिपका लाल झाला असता. पण दोन्ही राउटर एकमेकांना ओळखत असते, तर फोरजी मेलेली असताना ठिपका हिरवा राहिला असता. लाल असून चालू असलेली लाइन सिमचे पैसे खाते. हिरवी असून बंद असलेली लाइन कधी कळते, तर आयर्विनला पंचेचाळीस झाल्यावर.

यावर उपाय म्हणजे यादी २०० च्या तळाशी एक बंद दार ठेवायचं:

आयपी राउट ॲड अनरीचेबल डीफॉल्ट मेट्रिक ९९९९ टेबल २००

खरी वाट असेल तर ती वापरली जाते, तिचा आकडा लहान. ती पुसली गेली की हे बंद दार उरतं, आणि प्रोग्रामला लगेच 'वाट नाही' असं उत्तर मिळतं. मुख्य यादीकडे पळवाट राहत नाही. हे बंद दार कुठल्याच कार्डाचं नसतं, त्यामुळे कार्ड गेलं तरी ते जागेवर असतं.

या सगळ्या ओळी संगणक बंद करून चालू केला की उडून जातात, हे सांगायला नको. आमच्याकडे त्या नेटप्लॅनच्या, म्हणजे चालू होताना नेटवर्कची मांडणी लावणाऱ्या साधनाच्या, फाइलमध्ये राउटिंग पॉलिसी या नावाखाली लिहून ठेवल्यात. फोरजी राउटरला सांगून ठेवलंय की या कार्डाला कायम ८.१०च द्यायचा, नाहीतर पत्ता बदलायचा आणि नियम जुन्याच पत्त्याची वाट बघत बसायचा.

गंमत म्हणजे ही सगळी भानगड तुमच्या खिशात आधीपासून आहे. अँड्रॉइडच्या ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१४पासून, फोनमध्ये वायफायची यादी वेगळी आणि मोबाइल डेटाची वेगळी. ॲपने सांगितलं की हा सॉकेट त्या नेटवर्कला बांध, तर सिस्टिम त्याच्या पाकिटांवर आतल्या आत एक खूण करते आणि दारातला माणूस प्रेषकाऐवजी ती खूण वाचतो. खाली लिनक्सच, नियमही तेच.

रविवारी यार्ड बंद असताना मी फायबरची तार उपटून बघितली. पहिला ठिपका लाल, दुसरा हिरवा. तार लावली, फोरजी राउटरची वीज काढली. पहिला हिरवा, दुसरा लाल. चार वेळा केलं, शेठ मागे उभे राहून बघत होते. त्यांना मी दारातल्या माणसाची गोष्ट सांगितली, वाड्याची सांगितली, प्रेषक वाचायची मुभा सांगितली. ते सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे त्या पोरीची काही चूक नव्हती म्हणा की." मग खण उघडून पट्टीबुकाखालची दोन जुनी सिमं काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "आणि ह्यांचं काय करायचं?"